नवनीतची मधली केबिन

शहाद्याच्या बसस्टँडसमोर नवनीत पाटलाचं बुकिंगचं दुकान आहे. आत जाऊन तुम्ही समुद्रातल्या क्रूझचं नाव काढलंत, की तो आधी चहा मागवतो आणि मग विचारतो, "कोन कोन जाई ऱ्हायनं? सर्वात म्हतारं कोन शे?" तुम्ही म्हणता, आमची आई आहे, तिला चांगली वरची, पुढची, गॅलरीवाली खोली द्या. नवनीत मान हलवतो. "माय शे ना? मंग मधली देस. खालना मजलानी." गिऱ्हाईक चिडतं. आईला तळाशी टाकू का, म्हणतं. रागारागात चहा अर्धा टाकून गेलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. नवनीत त्यांना जाऊ देतो, पण म्हाताऱ्या माणसाला पुढची खोली देत नाही. धंदा करायची ही रीत नव्हे, हे मी त्याला कितीदा सांगितलं. मी त्याचा शाळेपासूनचा सोबती. तापीकाठच्या प्रकाशा गावात आमची घरं समोरासमोर, आणि जन्मभर मास्तरकी केल्यामुळे न विचारता सल्ला देण्याची मला खोड आहे.

नवनीत मुळात यात्रेच्या बसवाला. तापीकाठच्या गावांतली माणसं गोळा करायची, स्वयंपाकाला एक महाराज, गॅसची शेगडी, कणकेचं पोतं, आणि निघायचं काशीला नाहीतर रामेश्वरला. आमच्याकडे यात्रेच्या बसचा एक दंडक आहे. ड्रायव्हरमागची पहिली शीट मंडळींतल्या सर्वांत मोठ्या माणसाची. ती कुणी मागत नाही आणि ती मिळाल्यावर कुणी सोडतही नाही. सोडली तर देणाऱ्याचा अपमान होतो. नवनीतच्या बसमध्ये ही शीट बहुतेक वेळा त्याच्या थोरल्या भावाची, दोधूअण्णांची असायची.

वडील गेले तेव्हा नवनीत लहान होता. अण्णांनी शाळा सोडली, केळीचा मळा धरला आणि धाकट्याला कॉलेजात धाडलं. हे उपकार, असं त्या घरात कुणी बोललं नाही. पण नवनीत अण्णांसमोर आजही खुर्चीवर बसत नाही. अण्णांना स्वतःसाठी काही मागायची सवयच नव्हती. फक्त एक गोष्ट ते अधूनमधून म्हणत. जन्म तापीच्या काठावर गेला, ती जिथे जाते तो समुद्र एकदा पाहायचा आहे. मग काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला आणि दुसरा जायला लागला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या.

त्याच सुमारास क्रूझचं खूळ आमच्याकडे आलं. पुण्या-सुरतेत नोकरी करणारी पोरं आईबापांना म्हणू लागली, एकदा जहाजात बसा. नवनीतने लगेच पाटीवर जहाज रंगवून घेतलं. त्याने स्वतः तोवर प्रकाशाच्या नावेखेरीज काही पाहिलं नव्हतं, पण बोलायचा असा, की कप्तान याच्याकडेच शिकला. याला आम्ही उंटावरचा शहाणा म्हणतो, आणि मी त्याला तोंडावर म्हटलंही. त्याने मुंबई-गोव्याची पहिली फेरी नेमली मे महिन्याच्या शेवटी, कारण तेव्हा शेतकरी मोकळा असतो. शेतकरी मोकळा असतो तेव्हा पाऊस जवळ आलेला असतो आणि समुद्र खवळायला लागलेला असतो, हा विचार आम्हा कोणालाच सुचला नाही.

मुंबईच्या बंदरावर पहिल्या फाटकातच आमचा महाराज अडकला. शेगडी चालणार नाही, कणिक चालणार नाही, स्वयंपाकीही चालणार नाही. तो बिचारा पोत्यावर बसून आमच्याकडे बघत राहिला आणि आम्ही त्याला तिथेच सोडून जहाजावर चढलो. आत नवनीतने सगळ्यांदेखत अण्णांच्या हाती किल्ली दिली. सर्वांत वर, सर्वांत पुढे, गॅलरीवाली खोली. पहिली शीटच म्हणा ना. अण्णांचा चेहरा तेव्हा असा फुलला होता, की माझ्यासारख्या खडूस माणसालाही बरं वाटलं.

त्यानंतर ती खोली बंद झाली ती गोवा करून मुंबईला परत येईपर्यंत. नवनीत दार वाजवायला गेला की अण्णांच्या पत्नी सुगंधावहिनी फटीतून सांगायच्या, "अण्णा झोपेल शेतस." जहाज चांगलंच डुलत होतं. आम्ही खाली मधोमध होतो, तरी जेवणाच्या हॉलमध्ये भिंत धरून चालत होतो. नवनीत सगळ्या मंडळींच्या मागे धावत होता. अण्णा थकले असतील, असं तो धरून चालला.

गावी आल्यावर तो गिऱ्हाइकांना घरीच आणू लागला. "आमच्या अण्णांना विचारा, पुढची खोली कशी होती." अण्णा म्हणायचे, चांगली होती. एक दिवस वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांना राहवलं नाही. "चांगली व्हती? मंग मी दोन दिन बादली धरीसन का बरं बठेल व्हतू? यास्नी समुद्र तं काय, खिडकी बी देखी नही."

गिऱ्हाईक गेल्यावर नवनीत ओट्यावर खाली बसला. "अण्णा, तुम्ही माले सांगं का नही? मन्ही खोली मधली व्हती. बदली टाकतू."

"तू सर्वासना देखत मान दिधा," अण्णा म्हणाले. "तो कसा परत करू? लोके म्हनतीन, नवनीतनी भाऊले चुकीनी जागा दिधी. तुन्हा तो पहिला फेरा व्हता."

म्हणजे आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट या माणसाने धाकट्याची अब्रू राखायला बादलीत घालवली होती, तीही तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. पुढच्या हंगामात नवनीत एकटाच जहाजावर गेला आणि मुद्दाम पुढची खोली घेतली. परत आला तेव्हा पिवळा पडला होता. मला म्हणाला, "मास्तर, बैलगाडी शे ती. माल चाकवर टाका तं गाडी सरळ चालस. आपुन म्हताराले पुढे धुरावर बठाडं, जठे सर्वात जास्त हिसका बसस."

आज तो जे सांगतो ते त्या फेरीतून आलेलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, मेमध्ये मुळीच नको. औषधं आणि एक जोड कपडे खांद्याच्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. बिनकांद्याचं जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ताटावर बसून भांडू नका. खिडकीची खोली घेताना समोर बचावाची होडी टांगलेली नाही ना, ते विचारा. आलेपाक जवळ बाळगा आणि रिकाम्या पोटी राहू नका. आणि गोव्यात उतरलात तर वेळेआधी परत या. बस थांबते, जहाज थांबत नाही. माझं मत विचाराल तर लोक तिथे समुद्र पाहायला जातात आणि चारी ठाव जेवून परत येतात. पण माझं मत कोणी विचारत नाही.

नवनीत अण्णांना थंडीत पुन्हा जहाजावर चला म्हणत होता, अण्णा मात्र ऐकेनात. थंडीत केळीची कापणी असते. "मळा सोडीसन कसा येऊ? समुद्र कोठे पयी जाई ऱ्हायना?"

"समुद्र नही, अण्णा," नवनीत म्हणाला. "नजर जाई ऱ्हायनी."

अण्णा जानेवारीत आले.

या खेपेला नवनीतने त्यांना मधली, खालची खोली दिली, खिडकीसुद्धा नसलेली. का दिली, ते मंडळींना सांगितलं नाही. सांगायचं तर मागच्या फेरीतले अण्णांचे हाल सांगावे लागले असते, आणि अण्णांनी ते झाकून ठेवले होते. मग लोक जे बोलायचं ते बोललेच. मोतीलाल म्हणून आमच्या गावचा एक मोठा बागायतदार आहे. त्याचं बोलणं हॉलभर ऐकू जातं. "धाकला मोठा व्हई गया आन् मोठा भाऊले तयघरमा टाकी दिधं." नवनीत शेजारच्या टेबलावर वाढून घेत होता. त्याच्या कानाची पाळी लाल झाली, पण तो ताट घेऊन निघून गेला. मी मोतीलालला चार शब्द सुनावणार होतो. नवनीतने डोळ्यांनी मला दाबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अण्णा चांगले झोपून, चहा पिऊन स्वतःच्या पायांनी वर आले. नवनीतने त्यांचा हात धरून कठड्याशी आणलं. समुद्र शांत होता. अण्णांनी उरलेला डोळा बारीक करून खूप वेळ पाहिलं.

"आपली तापी कोनती बाजूले?"

"मागे ऱ्हायनी, अण्णा. तिकडे, सुरतकडे."

"मंग मी मागेच उभा ऱ्हास," अण्णा म्हणाले. ते जहाजाच्या मागच्या टोकाला गेले आणि ऊन तापेपर्यंत तिथेच उभे राहिले. जेवायलाही आले नाहीत. वहिनींनी पोळीची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. मला आजवर कोणाचा हेवा वाटला नव्हता, त्या सकाळी अण्णांचा वाटला.

मुंबईला उतरलो तेव्हा गावी न्यायला आपली यात्रेची बस उभी होती. ड्रायव्हरमागची शीट रिकामी ठेवली होती, नेहमीप्रमाणे. अण्णा चढले, शीटांच्या पाठी चाचपत त्या शीटवरून पुढे गेले आणि बसच्या मधोमध मोतीलालच्या शेजारी बसले.

"अण्णा, तुमनी शीट पुढे शे," मोतीलाल म्हणाला.

"माले माहीत शे. तठे नवनीत बसी." अण्णांचा आवाज मोठा नव्हता, पण बस ऐकत होती. "मागना फेराले माले पुढे इतलं लागनं की मी समुद्र देखा नही. औंदा त्यानी माले मधमा ठेवं, म्हनीसन देखा. आन् तुमनं बोलनं मुकाट ऐकी लिधं."

नवनीत दारातच उभा होता, हातात सगळ्यांच्या पिशव्या. त्याने नको नको म्हणून पाहिलं. पण मिळालेली पहिली शीट सोडता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो पुढे जाऊन बसला. घाट चढून होईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरच्या आरशात त्याचं तोंड मला दिसत होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.