कोळशाची मोटार आणि माझा मेहुणा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा आमच्या मालकांनी मोटारीच्या पाठीमागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. मालक हिंगोलीचे, त्यांचा कापसातली सरकी काढायचा जिन होता, आणि मोटार त्यांनी हौसेने घेतलेली. दहा-बारा उतारू बसतील एवढीच, लाकडी बॉडीची. हिंगोली ते कळमनुरी हा तिचा रस्ता. उस्ताद ती चालवायचे आणि मी क्लीनर होतो. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळे त्यांच्यानंतर ड्रायव्हरची सीट माझीच असं मी मनाशी धरून चाललो होतो. पाच-सहा वर्षं मी त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ती सीट दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे माझ्या लेखी दरोडाच होता.

भट्टी आली आणि काम दुप्पट झालं. पिंपात बाभळीचा कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. धूर निघून गेला की नळीच्या तोंडाशी काडी धरायची. तिथे निळसर ज्योत टिकली की गॅस तयार झाला असं समजायचं आणि मग हँडल मारायचं. हा गॅस इंजिनात जायच्या आधी एका पत्र्याच्या पेटीतून जायचा. राख आणि काजळी तिथेच अडावी म्हणून पेटीत काहीतरी भरावं लागे. मालकांनी जिनातून कापूस पाठवला. घरचा कापूस, एकही सरकी नसलेला, पांढराशुभ्र. आम्ही पेटी गच्च भरली आणि खूश झालो. आमच्या भागात कापसावर संशय कोण घेणार?

एकट्याला झेपेना म्हणून आणखी एक माणूस घ्यायचं ठरलं आणि बायको मागे लागली की माझ्या भावाला घ्या. तिचा भाऊ सेनगावकडचा, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, शेतात वाढलेला. मोटारीला त्याने तोवर हातही लावला नव्हता. मी टाळाटाळ केली तेव्हा बायकोने अबोला धरला, आणि तिच्या अबोल्यापुढे माझं कधी चाललं नाही. शेवटी मीच त्याला उस्तादांपुढे नेऊन उभं केलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्याला बोलायची हौस नव्हती. भट्टीपाशी उकिडवा बसायचा, मान तिरकी करून ऐकत राहायचा. उस्तादांनी मला जे काही शिकवलं ते टपली मारून. पाना चुकीचा दिला की टपली, हँडलने उलटा झटका दिला तरी टपली मलाच. ह्याच्याजवळ मात्र ते येऊन बसायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "काय म्हणून राहिली गाडी?" आणि हा सांगायचा, जणू मोटारीने त्याच्याशी सोयरीक केली होती. इतकी वर्षं कळमनुरीला पोचल्यावर उस्ताद आपल्या डब्यातलं पान लावून मला द्यायचे. एक दिवस ते पान त्याच्या हातात गेलं. मी तंबाखू चोळत दुसरीकडे बघितलं. पान काही मोठी गोष्ट नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. दुधावरची साय भावाच्या वाटीत. का, तर तो दमून येतो. मी जणू पालखीत बसून येत होतो.

अशात मोटारीने खोड काढली. सकाळी हिंगोलीहून चांगली सुरू व्हायची, काही मैल झोकात जायची आणि वाटेत ओढ्याचा चढ लागला की दम तोडायची. आधी आवाज बारीक व्हायचा, मग दोन आचके, की बंद. माणसं उतरायची, बायका टोपल्या घेऊन बाभळीखाली बसायच्या. हँडल मारून मारून माझे खांदे भरून यायचे. मग अर्ध्या-पाऊण तासाने, काहीतरी खटाटोप केल्यावर, ती पुन्हा सुरू व्हायची.

हा खटाटोप ज्याचा त्याचा वेगळा. एका व्यापाऱ्याने तिथल्या दगडापुढे नारळ फोडला आणि मोटार सुरू झाली. तो पुढे महिनाभर सगळ्यांना तेच सांगत होता. एका म्हातारीने चाकावरून लिंबू उतरवलं, त्यालाही गुण आला. पण खरा मान माझा होता. मी प्लग काढायचो, पुसायचो, फुंकायचो, पुन्हा बसवायचो आणि हँडल मारायचो, की मोटार गुरगुरायला लागायची. माणसं म्हणायची, ह्याच्या हाताला यश आहे. मी घाम पुसत मेहुण्याकडे बघायचो. तो मान तिरकी करून बसलेला असायचा, आणि त्याला काहीच सुचत नाही हे बघून माझ्या जिवाला थंडावा वाटायचा.

मात्र मालक कंटाळले होते. येत्या बाजाराच्या दिवसापासून उस्तादांना घरी बसवायचं, नवा ड्रायव्हर उस्तादांनीच सांगायचा आणि मोटार चढावर थांबली नाही पाहिजे, असं त्यांनी ठणकावलं. ड्रायव्हर आमच्या दोघांपैकीच होणार हे उघड होतं. बायकोने ते ऐकून देवापुढे साखर ठेवली. कुणासाठी ठेवली ते मी विचारलं नाही. उत्तर सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मोटार त्याच चढावर थांबली. मी पाना घेऊन उतरलो. तेवढ्यात मेहुणा उस्तादांपाशी गेला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"उस्ताद, आज काहीच करू नका. कुणी गाडीला हात बी लावू नका. बगू, आपल्या मनानं चालू व्हती का."

मी म्हणालो की मोटार म्हणजे काय रुसलेली बायको आहे का, गप्प बसलं की आपोआप वळणावर यायला? माणसं हसली. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून पाना काढून घेतला.

आम्ही बसलो. मी बाभळीला टेकून बसलो होतो आणि मनात एकच धावा चालला होता की देवा, हिला चालू होऊ देऊ नकोस. आमचं पोट त्या मोटारीवर, तरी मी तिच्या वाइटावर टपलो होतो. आजही मला त्याचं काही वाटत नाही. ज्याने आपल्या हाताचं यश दुसऱ्याला देऊन बघितलं असेल त्याने मला नावं ठेवावीत. ऊन बाभळीच्या सावलीत शिरलं तेव्हा उस्तादांनी मेहुण्याला खूण केली. त्याने हँडल घातलं आणि एकदा, दुसऱ्यांदा फिरवलं. मोटार सुरू झाली. ना प्लग, ना नारळ, ना लिंबू.

माणसांना त्यात काही दिसलं नाही, ती घाईने चढून बसली. मला मात्र दिसलं. इतके दिवस मोटार विसावा घेऊन आपली आपण उठत होती आणि मी तिच्या शेजारी प्लग फुंकत उभा होतो. कानापर्यंत तापलो मी. उस्तादांनाही कळलं होतं, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

कळमनुरीला पोचल्यावर मेहुण्याने कापसाची पेटी उघडली. म्हणाला, आवाज बारीक होतो म्हणजे तिला ओढायला मिळत नाही, कुठेतरी नरडं आवळतंय. आत हात घालून त्याने कापूस ओढला तर ओल्या गोधडीसारखा काळा गोळा बाहेर आला. कोळशातली वाफ त्यात जिरायची, कापूस भिजून बसायचा, आणि चढावर इंजिनाने जोर लावला की पेटीच्या तोंडाशी गच्च दाबला जायचा. मोटार थांबली, ओढ संपली, पाणी खाली निथळलं, की गोळा सैल. पुन्हा वाट मोकळी. त्याने बाजारातून अंबाडीचा वाख आणला. दोरासाठी शेतकरी वापरतात तोच, खरखरीत, पाण्यात कुजवून काढलेला, भिजला तरी लोळागोळा न होणारा. तो पेटीत सैल भरला. परतताना मोटार तो चढ एका दमात चढली. उस्तादांनी वरती पोचल्यावर नुसतं "वा" म्हटलं. इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी तेवढंही म्हटलं नव्हतं.

मी त्या रात्री सीटवर पाणी सोडलं होतं. दुसरीकडे कुठे काम मिळेल, बायकोला तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

बाजाराच्या दिवशी मालकांसमोर उस्तादांनी ड्रायव्हर म्हणून माझं नाव सांगितलं.

मला आधी कळेचना. मग असा काही आनंद झाला की मी उस्तादांच्या पायाला हात लावला. मेहुणा शेजारीच उभा होता. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, बघ, शेवटी कुणाची किंमत झाली. तो कोळशाची पोती मोजत होता. मालक गेल्यावर उस्तादांनी मला बाजूला घेतलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी माझा खांदा त्यांनी बरोबर धरला.

"गाडी हाकायला हात लागतेत. ते तुजे बराबर हायेत," ते म्हणाले. "पन भट्टीचं कळायला कान लागतो, तो त्याला हाय. त्याला म्होरं बसवला तर मागं ऐकनार कोन? तू? म्हनून तुला सीटवर बसवलं. त्याच्या कामात हात घालू नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. स्टेपनी कुठे ठेवायची ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी सीटवर बसलो. घरून डबा आला होता, बायकोने गोड केलं होतं. मेहुणा खिडकीशी आला आणि म्हणाला, "दाजी, लई बेस झालं. आक्काच्या जिवाला लागून व्हतं ते." त्याच्या तोंडावर खोटेपणा मी खूप शोधला. सापडला नाही. तो एकदा जरी माझ्यावर जळला असता, एकदा जरी त्याने तोंड वाकडं केलं असतं, तरी ती सीट मला मिळाल्यासारखी वाटली असती.

लढाई संपून पेट्रोल मिळू लागेपर्यंत आणि भट्टी निघेपर्यंत मी रोज सकाळी त्या सीटवर बसत होतो. माणसं मला ड्रायव्हरसाहेब म्हणायची. स्टिअरिंग हातात धरून मी बाहेरच्या आरशात मागे बघायचो. मेहुणा भट्टीला कान लावून बसलेला असायचा. त्याने मागून पत्र्यावर थाप मारली, की मग मी मोटार हलवायचो.