नवरा कुठं हाय?

गरोदर बाईच्या घरी गेल्यावर सुनंदाताई पाण्याला हात लावण्याआधी विचारायची, "नवरा कुठं हाय?" ती रोह्याजवळच्या आमच्या गावची आशा सेविका, मी तिथल्याच उपकेंद्रातली नर्स. एचआयव्हीची तपासणी नवरा-बायकोची एकाच दिवशी झाली पाहिजे, हा तिचा हट्ट. "बाईचं एकटीचं रक्त नेलं, की रोगपण तिच्या एकटीचाच व्हतो गो," असं ती म्हणायची. नवरे कंपनीत शिफ्ट आहे सांगून सटकायचे, तर ही कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहायची.

आरोग्य केंद्राच्या आमच्या डॉक्टरसाहेबांना हे खपत नसे. "गरोदर बायकांचं काम वेळेत उरका, पुरुषांच्या मागे कशाला लागता?" असं त्यांनी बैठकीत दटावलं. म्हणून गावातल्या गरोदर कविताला तपासणीला एकटीलाच न्यावं लागलं. ती पॉझिटिव्ह निघाली. नवऱ्याने स्वतःची तपासणी करायला साफ नकार दिला आणि सासूने "माहेरून रोग घेऊन आली" म्हणत पोटुशी असतानाच तिला पेणला माहेरी पाठवून दिलं. वेळेवर औषधं सुरू झाली म्हणून बाळाला लागण झाली नाही. त्या माणसाला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुढे सोडचिठ्ठी घेऊन त्याने दुसरी मुलगी ठरवली. कुणाचा आजार तिसऱ्याला सांगायचा नाही, हे बंधन ताईने कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशीही मोडलं नाही. ती साखरपुड्याच्या मांडवात गेली आणि मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्याकडं साखरपुड्याआधी दोघांचं रक्त तपासतात. गावची रीत हाय."

अशी रीत आमच्या गावात कधीच नव्हती. बाप सरळ माणूस. "मग करू की," म्हणाला. नवरदेव तरातरा उठून गेला आणि लग्न मोडलं.

मुलाकडच्यांनी बदनामीची तक्रार केली. साहेबांनी ताईला कामावरून काढलं. साहेबांना कुणी जाब विचारला नाही, आणि तो माणूस गावात ताठ मानेने फिरतो. ताई आता रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा विकते. मी तिच्यासमोर दोघांनाही शिव्या घातल्या, तर म्हणाली, "त्यानं काय व्हनार? रीत घातलीय ती मोडू नको."

गेल्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न ठरलं. ताई दारात आली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"नवरामुलगा कुठं हाय?"

"दोघंही तपासणीला गेलीत," मी सांगितलं.

मग ती पाणी प्यायली.