घोडा दिनूचा, ट्रेलर अण्णाचा

"विजूदादा, अण्णा गेलं..." एवढंच बोलून दिनूनं फोन ठेवला. मी नुकतंच ऑफिस उघडून उदबत्ती लावत होतो, ती तशीच हातात राहिली. अण्णा गेला हा धक्का होताच. पण दिनूच्या तोंडून 'अण्णा' हा शब्द कित्येक वर्षांनी ऐकला, तो धक्का वेगळा. सख्ख्या थोरल्या भावाला तो नुसतं 'ते' म्हणायचा.

अण्णा माझा जयसिंगपूरच्या शाळेतला मित्र. मी विम्याच्या धंद्यात पडलो, तो मालवाहतुकीच्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला माल लांब पोचवायला दोघा भावांनी मिळून मोठी गाडी घेतली. अशा गाडीचे भाग दोन. पुढचं इंजिन आणि केबिन म्हणजे ड्रायव्हर लोकांचा 'घोडा', आणि त्याला मागं जोडायचा तो ट्रेलर. दोन्हींचे नंबर वेगळे, विमाही वेगळा. दिनूचं म्हणणं, ट्रेलरला इंजिनच नाही, तर बिघडणार काय? थर्ड पार्टी बास. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते कंपनी भरणार, आपलं मात्र आपण सोसायचं. अण्णा उखडला. "उलटली तर काय नुसती म्होरनंच उलटती व्हय रं?" शेवटी दोन्हींची फुल पॉलिसी निघाली आणि दोघं भाऊ माझ्या पैशानं मिसळ खाऊन गेले.

वडील गेल्यावर वाटणी झाली. कोण काय बोललं ते आता उगाळण्यात अर्थ नाही. बोलणं तुटलं ते तुटलंच. गाडी दिनू चालवायचा, म्हणून अण्णानं घोडा त्याला दिला आणि ट्रेलर स्वतःकडं ठेवला. एकाशिवाय दुसऱ्याला भाडं मिळत नाही, त्यामुळं धंदा जोडूनच चालला, पण निरोप सगळे तिऱ्हाइताकडून. ट्रेलर नावावर झाल्यावर अण्णानं नवी पॉलिसी घेतली आणि थोड्याच दिवसांत परत आला. म्हणाला, "ही मोड. घोड्याची जी तारीख हाय, तीच ट्रेलरची कर."

"अरे, मधेच मोडलीस तर नुकसान तुझंच."

"हू दे की. वर्सातनं एकदा तरी एका टेबलाशी बसू आम्ही."

तेव्हापासून दर वर्षी विमा नव्यानं काढायच्या त्या तारखेला माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर दोन भाऊ बसायचे. अण्णा भिंतीकडच्या, दिनू दाराकडच्या. मध्ये वीतभर जागा. "विजू, त्याला सांग, डावीकडचं टायर घासलंय." मी दिनूकडं तोंड वळवायचो, "टायर घासलंय म्हणतोय." "त्यांस्नी सांगा, मलाबी डोळं हायत." आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला. एकदा वैतागून म्हणालो, "मी काय पोस्टमन हाय व्हय रं तुमचा?" दोघंही एकदम हसले, आणि हसताना एकमेकांकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

गेल्या वर्षीची तारीख ही अण्णाची माझी शेवटची भेट. घोडा जुना झाला, कंपनी त्याची किंमत कमीच धरते, म्हणून थर्ड पार्टीच घेतो, असं दिनू म्हणाला. तसं म्हणणारे पुष्कळ असतात, त्यात वावगं काही नाही. पण अण्णाचा चेहरा उतरला. "त्याला सांग, फुल काढ."

"त्यांस्नी सांगा, घोडा माझा हाय."

अण्णा टेबलाच्या काचेकडं बघत म्हणाला, "त्याला सांग... उद्या घोडा मोडला तर दुसऱ्याच्या गाडीवर पगारी बसाय लागंल. माझ्यानं ते बघवणार न्हाय." हे मला पुढं सांगावं लागलं नाही. दिनूनं ऐकलं होतं. तरी त्यानं थर्ड पार्टीच घेतली, आणि अण्णा चहा तसाच ठेवून उठला.

मला दोघांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अण्णाचा अजून येतो. वाक्य त्याच्याकडं तयार होतं, माणूस शेजारी बसलेला होता, आणि तरी तो माझ्याकडं बघून बोलला. काही महिन्यांनी त्याचं हृदय बंद पडलं...

मागच्या आठवड्यात ती तारीख आली. दिनू येईल असं वाटलं नव्हतं, पण आला, आणि वहिनींना घेऊन आला. ट्रेलर आता त्यांच्या नावावर करायचा होता. वहिनी बाकावर टेकल्या, दिनू आपल्या खुर्चीवर. भिंतीकडची खुर्ची रिकामीच राहिली. वहिनींना काय काय लागेल ते समजावून झालं, तेव्हा मी दिनूला विचारलं, "घोड्याला थर्ड पार्टीच ना?"

"फुल काढा. तपासणी लागंल म्हणून गाडी संगंच आणलीया." बाहेर पाहिलं तर घोडा, मागं ट्रेलर, रस्त्याच्या कडेला उभे होते.

मग तो खाली मान घालून म्हणाला, "विजूदादा... अण्णाला सांगा."

मी नेहमीसारखं भिंतीकडच्या खुर्चीकडं तोंड वळवलं आणि म्हणालो, "अण्णा, दिनू फुल काढतोय."