फिस्तोच्या भोंग्यावरचं मरण

मानोंग फिस्तोच्या, म्हणजे फिस्तोदादाच्या, तीनचाकीवर भोंगा बांधलेला आहे. बेटावर कोणी वारलं, की तो आधी एक रडकी धून लावतो, मग नाव सांगतो, मग घर कुठलं ते. आमच्याकडे रेडिओ केंद्रही आहे, पण ते महापौरांच्या मेहुण्याचं असल्यामुळे त्याच्यावर महापौरांची बायकोसुद्धा विश्वास ठेवत नाही. फिस्तोवर मात्र सगळ्यांचा. त्याने जाहीर केलेला माणूस कधी जिवंत निघाला नव्हता.

ही पतच त्याच्या जिवावर उठली.

महापौरांविरुद्ध तानिस उभा होता. मतदानाच्या आदल्या दुपारी फिस्तो माझ्या सलूनमध्ये दाढीला बसला होता. बाहेर मोटरसायकल थांबली आणि मागे बसलेला उतरला. आमच्याकडे पुढचा गाडी चालू ठेवतो आणि गोळी मागचा घालतो; तो उतरतो तेव्हा हातात धारदार काही नसलेलं बरं. मी वस्तरा खाली ठेवला. आत आला तो महापौरांचा माणूस, केरुबिन.

"काय मानोंग, गाडी नीट चालतेय ना?"

"देवाची कृपा."

"मग गावातून एक फेरी मारा. तानिसने माघार घेतली, त्याला मत देऊन वाया घालवू नका, एवढंच सांगायचं."

"घेतली का हो माघार?"

"तुम्ही सांगितलंत की घेतलीच." केरुबिनने आरशात बघून केस सारखे केले. "सकाळी वहिनी दिसल्या मासळीबाजारात. एकट्याच होत्या."

तो गेला तरी फिस्तो अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन बसला.

"नाही म्हटलं तर हे मारतील. सांगितलं तर तानिसची माणसं."

"तानिसची माणसं त्यातल्या त्यात कमी आहेत," मी म्हणालो. मला धीर द्यायचा होता.

तानिसने शाळेचं छप्पर खाल्लं, असं रेडिओ महिनाभर सांगत होता. रेडिओवर कोणाचा विश्वास नव्हता, पण माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण तेच स्वतःचं मत म्हणून मला ऐकवायचा.

फिस्तोने आधी बायकोला, दुल्सिंगला, समोरच्या बेटावर बहिणीकडे धाडलं. मग तो फेरीला निघाला. वाईट बातमी सांगायची, एका माणसाचं नाव घ्यायचं. हात आयुष्यभराच्या सवयीने त्याच बटणावर गेला. रडकी धून गावभर घुमली.

धून ऐकली की आमची माणसं छातीवर क्रूस काढतात, नाव ऐकतात आणि बोलायला लागतात. नावापुढचं कोणी ऐकत नाही. चर्चच्या वळणावर एक बाई डोळे पुसताना दिसली, तेव्हा काय घडलं ते फिस्तोच्या लक्षात आलं. थांबून चूक सुधारायला धाडस लागतं. तेवढं त्याच्यापाशी नव्हतं. गाडी बाजारात टाकून तो माझ्या मागच्या खोलीत येऊन लपला.

तोवर तानिसच्या अंगणात गाव लोटलं होतं. मेणबत्त्या आल्या, नारळाचा गोड चिकट भात आला, मयताच्या घरी पत्ते हवेतच म्हणून पत्त्यांचं टेबलही आलं.

"सज्जन होता हो."

"छप्पर खाल्लं म्हणतात. भर वादळात वर चढून पत्रे ठोकताना मी बघितलाय त्याला."

तेवढ्यात तानिस बनियनवर बाहेर आला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला.

शेजाऱ्यांदेखत बोललेलं चांगलं कोणाला मागे घेता येईना, आणि आणलेला भातही परत नेता येईना. पत्त्यांचा डाव मांडलेलाच होता, तो चालू राहिला. दुसऱ्या दिवशी तानिस निवडून आला.

निकालाची मिरवणूक पांगली आणि सलूनसमोर मोटरसायकल थांबली. मागचा उतरला. केरुबिनच होता. आतून फिस्तोच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. त्यालाही आला असावा.

"बाहेर या मानोंग. महापौरांनी बोलावलंय."

"कोणत्या?" फिस्तोने आतूनच विचारलं.

"महापौर एकच असतो. मी निकालापासून तानिससाहेबांकडे आहे." शर्टावरचा केस त्याने झटकला. "साहेब म्हणाले, त्याने मला मारलं, आता जिवंत ठेवायचं कामही त्यानेच करावं. रोज सकाळी एक फेरी. काय सांगायचं ते आम्ही देऊ."

फिस्तोने बाहेर येऊन मान डोलावली.

"आणि वहिनींना बोलावून घ्या. इथे असल्या की बरं. सगळ्यांनाच."

पुढच्या बोटीने दुल्सिंग आली.

आता रोज सकाळी भोंगा तानिसची कामं सांगत फिरतो. मागून मोटरसायकल असते, फिस्तोच्या संरक्षणासाठी. परवा आमची शेजारीण वारली, तेव्हा त्याने तीच धून लावली. लोक आधी तिच्या घरी जाऊन बघून आले, मग रडले. फिस्तोचं तिकडे लक्ष नव्हतं. नाव घेता घेता तो मागे वळून बघत होता, मोटरसायकलवरचा मागचा उतरतोय का.