आधी तोंड उघडा

शेवटच्या संध्याकाळी मी गयाच्या हातावर गोळी ठेवली. तिनं नेहमीसारखी मुठीत धरली. "आधी तुमी तोंड उघडा." मी उघडलं. तिनं जिभेखाली बघितलं, मगच आपली गोळी गिळली. सकाळी ती उठली नाही.

गया माझी बायको. राणीसावरगावच्या माळावर आम्ही मेंढरं राखली. मी चौथी नापास, तिला अक्षर येत नव्हतं. पण तिच्याएवढं हुशार माणूस मी बघितलं नाही.

मागं मी पडलो अन् कंबर गेली. दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, अफूच्या जातीच्या. कंबर बरी झाली, गोळ्या सुटेनात. गोळ्यांपायी मी शेळी विकली अन् लांडग्यानं नेली म्हणून सांगितलं. गया म्हणाली, "लांडग्यानं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला परभणीच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं. बाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून क्षारांचे कण ये-जा करतात, त्यावर पेशी एकमेकींना निरोप देतात. ही गोळी काही दारं उघडते, काही लावते, म्हणून दुखण्याचा निरोप पुढं जात नाही. रोज घेतली की पेशी तिलाच सरावतात, अन् गोळीकडं जायची वाट मळून पक्की होते. पण मेंदू नवी वाटही पाडतो."

"मंजी मेंढरांची वाघरच की," गया म्हणाली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "दार दुसरीकडं केलं तरी मेंढरं लय दिस जुन्याच जागी धडका देत्यात. मारायचं न्हाई. नव्या दाराशी उभं राहायचं."

ती उभी राहिली. मी घामेजायचो, ओकायचो, तिला शिव्या द्यायचो. गोळीच्या वेळेला ती मला मेंढ्यांचं दूध पिळायला बसवायची. उठलो की म्हणायची, "तोंड उघडा." गोळ्या सुटल्या, तिची ही सवय सुटली नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा उघडायला लावायची.

मग तिलाच कॅन्सर झाला अन् तसल्याच गोळ्या आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाकीट यांच्याकडं नको. गया म्हणाली, "ह्यांच्याच हातून घेईन. न्हाईतर मी येवढे दिस उभी कशापायी राहिले?"

तिला माती दिली. दुसऱ्या सकाळी चहा ठेवताना माझा हात आपोआप फळीवरच्या पाकिटाकडं गेला. उरलेल्या गोळ्या तशाच होत्या. पाकीट खिशात घातलं अन् परभणीची पहिली एसटी धरली. भाऊबंद म्हणाले, सुतकात कुठं निघाला? म्हणलं, घरात ठेवून जमायचं नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी पाकीट घेतलं. "बसा बाबा," म्हणाल्या. मी बसलो नाही. त्यांच्यापुढं तोंड उघडून उभा राहिलो.