माझी बायको यादीत 'स्थलांतरित' आहे

राम राम मंडळी. लिहिण्यात चूक झाली तर समजून घ्या.

आज दुपारी तलाठी बाई शहागडजवळच्या आमच्या वस्तीवर आल्या. धरणातून पाणी सोडणार आहेत. गोदावरी वाढली तर आधी कोणाला उचलून न्यायचं, त्याची यादी त्या वाचत होत्या. माझी बायको अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेवर आहे. तिचं नाव आलंच नाही.

मी विचारलं. त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलं. "बाबा, आजी स्थलांतरित आहेत. मागच्या पुरातच गेल्या."

"अवं बाई, शाळेत नेल्तं तिला. चार दिवसांनी वापस आणली. आत हाय, बघा की."

त्यांनी आत येऊन पाहिलं. "मला दिसतंय हो. पण यादी वरून येते. अर्ज द्या, वर पाठवते."

खाटेवरून बायको म्हणाली, "मी गावात न्हाईच म्हणत्यात का ह्या? मंग भाजीत मीठ किती, हे रोज यांना कोण सांगून राह्यलंय?"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

अर्ज दिला. तो वर जाईल, मग कधीतरी खाली येईल. पाणी तर सरळ खालीच येतं.

त्या गेल्यावर मी तिला एकट्याने उचलून पाहिलं. उंबऱ्यापर्यंतच जमलं.

जवळपास राहणाऱ्यांनो, पाणी आलं तर खाटेची दुसरी बाजू कोण धरेल? खाली नाव लिहा. माझी यादी मीच करतो.