कुसुमबाईचा लाल शाईतला मजकूर

आदिलाबादच्या आमच्या मराठी मंडळाचं एक वार्तापत्र निघते. चार पानांचं, सणासुदीले. त्याच्यात चार ओळी छापून आणणं म्हणजे जमिनीच्या पहाणीची, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याची, नक्कल काढण्यापेक्षा अवघड काम, कारण संपादक आहेत उद्धवराव, अन् उद्धवरावांची सारी नोकरी तहसील ऑफिसात गेली. मजकूर परत केला असं ते म्हणत नाहीत. खारीज केला म्हणतात.

शेवटच्या पानावर त्यायच्या सूचना छापलेल्या असतात. कागदाच्या एकाच बाजूनं लिहावं. डाव्या हाताले दोन बोटं जागा सोडावी. फोटोले टाचणी मारू नये. मोबाइलवर पाठवाल तर कागद उजेडात धरावा, त्यात आपला अंगठा येऊ देऊ नये. फोटोत गॉगल चालणार नाही. वाढदिवस असला तर कितवा ते लिहावं. अन् सगळ्यांत कडक सूचना शाईची. लेख निळ्या शाईत, आनंदाची बातमी लाल शाईत, दुःखाची काळ्या शाईत.

ही शाईची भानगड लिंगन्नासाठी. प्रेसमध्ये आमची पानं लिंगन्ना लावते, अन् त्याले मराठीतलं एक अक्षर येत नाही. मी, सुवर्णा, माझ्या शिवणकामाच्या दुकानात बसून मोबाइलवर सारा मजकूर टाइप करून त्याले पाठवतो, सोबत मूळ कागदाचा फोटो. तो शाई पाहते. लाल असली की फुलांची चौकट, काळी असली की काळी चौकट अन् खाली समई. इतक्या अंकांत त्यानं कोणाचं लग्न समईखाली टाकलं नाही, हे मान्य कराच लागते.

आता कुसुमबाईचं सांगतो. ती मूळची मुधोळची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गुडीहत्नूरच्या रस्त्याले तिचं शेत आहे. शेत म्हणजे कापसाच्या मधात भाजीचा एक पट्टा, वांगे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा पहिलेच गेला. ती अन् तिचा एक पोरगा, वैभव, दोघंच. मंडळाच्या कोजागिरीले भाजी तिच्याकडूनच येत होती. एकदा भाजी द्यायले आली अन् म्हणे, मलेही सभासद करा, मले छापलेलं मराठी वाचायले भेटत नाही. झाली सभासद.

तेव्हापासून तिचा एकच मजकूर. दरसाल वैभवचा वाढदिवस. लेख नाही, कविता नाही, तिळगुळाचं नाही. पहिल्या साली पोरानं गॉगल घातलेला फोटो दिला, उद्धवरावांनी खारीज केला. दुसरा फोटो आणून दिला बिचारीनं. वैभव शिकला तेलुगू शाळेत, त्याले मराठी धड वाचता येत नव्हतं. अंक आला की तो आपला फोटो पाहे अन् माय त्याले खालच्या ओळी वाचून दाखवे. हे त्यानंच मले सांगितलं होतं, दुकानात पँटची उंची कमी करायले आला तेव्हा. हसून हसून सांगत होता.

मागच्या कापसाच्या सिझनमध्ये तो गेला. हायवेवर कापसाचा ट्रॅक्टर उभा होता, मागं लाइट नाही, काही नाही, अन् हा मोटरसायकलवर. यापेक्षा जास्त मी सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाही त्यात.

दिवस झाले अन् कुसुमबाई पुन्हा बाजारात येऊन बसली. आलेल्याले तेलुगूत भाव सांगे, हिंदीत सांगे, तोलून देई. कोणी विचारलं, बाई कशी आहेस, तर म्हणे, "हावो, बरी हाय." चहा आणून दिला तर समोर ठेवलेला राहे, त्यावर साय धरे, मंग कोणीतरी उचलून घेऊन जाये. जेवलीस का विचारलं तर आठवावं लागे तिले. अन् बाया म्हणत, रडत कशी नाही ही. अगं, तुमच्या समोर येऊन रडायची तिनं काय बोली केली आहे काय? माझं डोकं असं फिरे त्या बायांवर, पण खरं सांगतो, मलेही भेव वाटे तिच्याकडं पाहून. हाक मारली की मान वळे, पण डोळे मागून येत.

वैभवची श्रद्धांजली तिनं दिली होती. काळ्या शाईत, एकाच बाजूनं, दोन बोटं जागा सोडून. उद्धवरावांना त्यात काढायले एक चूक भेटली नाही. समईची चौकट आली, अंक वाटून झाला. आमाले वाटलं, झालं, संपलं.

अन् या साली नव्या अंकाचा मजकूर जमा करून राह्यली होती मी, तर कुसुमबाई दुकानात आली अन् एक कागद काउंटरवर ठेवला. लाल शाई. चि. वैभव यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक आई. सोबत फोटो, विना गॉगलचा.

मी कागद पाहिला, तिच्याकडं पाहिलं. म्हटलं, "कुसुमबाई, हे..."

"वाढदिवसाचं हाय," ती म्हणे. "तारीख चुकाले नको म्हणून पहिलेच आणलं."

अन् गेली. मेथीच्या जुड्या सुकून राह्यल्या म्हणे.

मी तो कागद घेऊन मंडळाच्या खोलीत गेली. उद्धवरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणे, "सुवर्णा, हे काळ्यात पाहिजे. पुण्यस्मरण म्हणून देऊ. चांगली चौकट देऊ."

मी म्हटलं, "काळ्यातलं तर छापलं न काका. हे दुसरं आहे."

"लालमध्ये कसं छापता येईल? तो हयात नाही."

"सूचनेत कुठं लिहिलं आहे हयात पाहिजे म्हणून?"

"लिहायची गरज काय आहे? कोणालाही समजते."

तिथं प्रयागबाई बसल्या होत्या, मंडळाच्या खजिनदार. त्यायच्या नातवाचा पहिला वाढदिवस याच अंकात होता. त्यायनं हळूच म्हटलं, "माझ्या नातवाचा फोटो मंग त्या पानावर नको, बाई. मले तिच्याबद्दल वाईट वाटते, पण तिथं नको." मले राग आला, पण त्यायच्यावर पुरा येईना. एवढंसं लेकरू, पहिलाच वाढदिवस. कोणाचंही मन मागंच सरन.

"मंग खारीज लिहा अन् द्या मायच्या हातात," मी म्हटलं. "तुमीच द्या. मी देत नाही."

उद्धवराव बराच वेळ तो कागद वाचत बसले. तीन ओळींचा कागद, त्यात वाचायले काय होतं? मंग म्हणे, "हे पाहा. यात वय लिहिलं नाही. कितवा वाढदिवस ते लिहावंच लागते. मजकूर अपुरा आहे. अपुरा म्हणून परत पाठव."

वाटलं, वा रे माणसा. हो म्हणायची छाती नाही, नाही म्हणायचीही नाही, तर नियमाच्या मागं जाऊन लपला. पण अपुरा म्हणजे खारीज नव्हे, एवढं मले समजलं. मी बाजारात जाऊन तिले सांगितलं, वय राहिलं आहे, उद्धवरावांनी बोलावलं. ती म्हणे, "हावो, येतो."

रविवारी दुपारी आली. टोपली रिकामी झालेली, ती बाहेर पायरीवर ठेवली, पदराले हात पुसले. उद्धवराव, प्रयागबाई अन् मी होतो. तिले खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. उद्धवरावांनी कागद तिच्यासमोर सरकवला.

"कुसुमबाई, वय लिहायचं राहून गेलं."

"राहून नाही गेलं," ती म्हणे. "तेच तुमाले विचारायचं होतं. मी सूचना वाचली. कितवा वाढदिवस ते लिवा म्हणते. मागच्या साली चोविसावा लिवला होता. आता कितवा लिवू? मले समजलं नाही, म्हणून जागा सोडली."

तिचा आवाज भाव सांगतानाचाच होता, खाली नाही, वर नाही. ती आमच्याकडं एकेकाकडं पाहत होती, कोणाले ठाऊक असंन म्हणून. प्रयागबाईनं तोंडाले पदर लावला. मी खिडकीकडं तोंड केलं. ती मात्र तशीच उभी, उत्तराची वाट पाहत.

"पंचवीस लिवलं तर खोटं होईन," ती म्हणे. "अन् काहीच नाही लिवलं तर तुमी घेत नाही."

उद्धवराव टेबलाकडं पाहत होते. मंग त्यायनं कोटाच्या खिशातून आपला लाल पेन काढला, ज्यानं ते आमच्या चुका काढत, अन् तिच्याकडं धरला.

"मागच्या साली जे लिहिलं, तेच लिहा."

"चोविसावा?"

"हो. चोविसावा."

"लालमध्येच?"

"लालमध्येच. फुलांचीच चौकट येईल. प्रयागबाई, तुमच्या नातवाचा फोटो आपण पहिल्या पानावर घेऊ." प्रयागबाईनं मान हलवली. "मले कुठंही चालते," त्या म्हणाल्या.

कुसुमबाईनं वाकून लिहिलं. चोविसाव्या वाढदिवसानिमित्त. अक्षर तिचं गोल, शाळेतलं. लिहून झाल्यावर तिनं पुन्हा वाचून पाहिलं अन् थोडा विचार केला.

"मंग पुढच्या साली?"

"पुढच्या सालीही तेच," उद्धवराव म्हणाले.

"अन् त्याच्या पुढं?"

"तेच, बाई."

"मंग सोपं झालं," ती म्हणे. "पुढच्या सालचं आत्ताच लिवून देतो. पेन हातात हाय."

पुढच्या अंकाचा मजकूर उद्धवराव कधी घेत नाहीत. दिवाळीचा लेख कोणी दसऱ्याच्या पहिले दिला तरी परत करतात. मी त्यायच्याकडं पाहिलं. त्यायनं कोरा कागद काढून दिला. ती खुर्चीवर बसली, दोन बोटं जागा सोडली अन् त्याच ओळी पुन्हा लिहिल्या, तोच आकडा. तो झाला तशी तिनं आणखी एक कागद मागितला.

उद्धवराव देत गेले, ती लिहीत गेली.